मांद्र्यातलं माइंडफुलनेस शिबिर: निम्मे पैसे वसूल

गोव्यातल्या मांद्र्याला तीन दिवसांचं माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे लक्ष द्यायला शिकवणारं, शिबिर केलं. अकरा हजार रुपये भरले, त्यातले निम्मे वसूल झाले असा माझा हिशेब आहे. कुठले वसूल झाले आणि कुठले पाण्यात गेले ते जरा सविस्तर लिहिते. अत्याचारपीडितांबरोबर काम करणाऱ्या आमच्यासारख्या बायकांना हल्ली अशा शिबिरांच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर सारख्या येतात. प्रत्येक जाहिरातीत समुद्र असतो, पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसलेली कुणीतरी असते आणि खाली 'आता स्वतःसाठी जगा' असतं. त्यावरून काहीच कळत नाही.

मी फोंड्याची. काम अत्याचार झालेल्या मुलांबरोबरचं. पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालची, केस उभी राहिली की मुलाला पोलीस, डॉक्टर, बालकल्याण समिती आणि कोर्ट या सगळ्यांतून हाताला धरून नेणारं कुणीतरी लागतं. कायदा त्याला सपोर्ट पर्सन म्हणतो. पोक्सो २०१२ चा, पण गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ पासून आहे आणि बालन्यायालयही त्यातूनच आलं, त्यामुळे आमच्याकडे हे काम तसं जुनं आहे. आमच्या कामाचा मोठा भाग बाकावर बसण्यात जातो. हॉस्पिटलचा बाक, पोलीस स्टेशनचा बाक, कोर्टाच्या बाहेरचा बाक. शेजारी एक मूल, त्याच्या पलीकडे त्याची आई, आणि पुकारा कधी होईल याचा पत्ता नाही. म्हणून शिबिराला जाताना मी एकच कसोटी घेऊन गेले: इथे शिकवतील त्यातलं या बाकावर बसून काय करता येईल? वाळूवर सूर्योदयाला जे जमतं त्याचं मला कौतुक नाही. तिथे कुणालाही जमेल.

केंद्राचं नाव लिहीत नाही. गटात एक महिला पोलीस होती, एक शाळेतली समुपदेशक, सावंतवाडीकडच्या दोघी, रात्रपाळीला हेल्पलाइनवर बसणारी एक आणि आमच्यासारख्या संस्थांतल्या काही. केंद्राचं नाव सांगितलं की यातल्या दोघी-तिघी लगेच ओळखू येतील. गोवा केवढासा!

म्हापशाहून शिवोलीचा पूल ओलांडून मांद्र्याला बस जाते, पण ती तिठ्यावर सोडते आणि पुढे पावसात चालावं लागतं. सीझनमध्ये याच खोल्यांना जवळजवळ दुप्पट दर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरची शॅक-हॉटेलं ताडपत्र्या बांधून बंद, समुद्रावर लाल बावटे, सुरूच्या झाडांखाली फक्त कुत्री. केंद्रवाल्यांना खोल्या भरायच्या असतात आणि आमच्या संस्थांना स्वस्तातलं काहीतरी हवं असतं, म्हणून असली शिबिरं पावसाळ्यात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पावसातलं मांद्रे मला सीझनमधल्यापेक्षा बरं वाटतं. पण अंथरुणाला येणारा कुबट वास आणि न वाळणारे टॉवेल यांची तयारी ठेवून जा.

पहिला दिवस बुडालेल्या पैशांत.

शिकवणारा एक तरुण, बाहेरून आलेला, आवाज मऊ, कानाला अडकवलेला माइक. हॉल जुन्या घराचा, कोब्याची जमीन, वर मंगळुरी कौलं, दार शिशवी असावं इतकं जड. आल्या आल्या त्याने आम्हाला चटयांवर आडवं केलं, दिवे घालवले, दार ओढून घेतलं, तिबेटी वाडगा वाजवला आणि बॉडी स्कॅन सुरू केलं. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष सरकवत न्यायचं, पाऊण तास, डोळे मिटून. हा प्रकार वाईट नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात माइंडफुलनेसचा जो कार्यक्रम सुरू केला त्याचा तो पायाच आहे. पण तो कार्यक्रम आठ आठवड्यांचा. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, रोज घरी सराव आणि मध्ये एक अख्खा दिवस. माणूस हळूहळू सवय करत जातो. इथे माहितीपत्रकात 'मूळ पद्धतीनुसार' असं छापलेलं होतं आणि ओळखपाळख व्हायच्या आत आम्ही अंधारात आडव्या.

माझ्या शेजारी हेल्पलाइनवाली होती. तिचा श्वास बदलला तो मला ऐकू आला. लक्ष पोटापाशी आलं होतं तेव्हा ती उठून बसली, मग उभी राहिली आणि दारापाशी गेली. पावसाने दार फुगलेलं. तिने ओढलं, ते हललं नाही. पुन्हा ओढलं. माइकमधून आवाज येतच होता, "जे येतंय ते येऊ द्या, फक्त बघा." शेवटी महिला पोलीस उठली, खांदा लावला आणि दार उघडलं. हेल्पलाइनवाली बाहेर सोप्यावर जाऊन बसली. मी मागून गेले तर म्हणाली, "म्हाका पुरो जालें." रात्रभर मुलांचे फोन घेणाऱ्या बाईला अंधारात स्वतःच्या अंगाकडे लक्ष द्यायला लावलं तर तिला तिथे काय काय सापडेल, याचा विचार कुणी केला नव्हता.

ज्यांच्या अंगात दुसऱ्यांचे अत्याचार मुरलेत त्यांना लक्ष आत वळवणं कधी कधी झेपत नाही. काहींचे स्वतःचेही जुने अनुभव असतात, आणि आमच्या क्षेत्रात अशा बायका कमी नाहीत. म्हणून जाणकार शिक्षक आधी सांगतात: डोळे उघडे ठेवले तरी चालेल, बसून करा, नको वाटलं तर लक्ष पायांकडे किंवा बाहेरच्या आवाजाकडे न्या, दार उघडं आहे, उठून जायला विचारायची गरज नाही. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ट्रॉमाच्या, म्हणजे मानसिक आघाताच्या, क्षेत्रातल्यांसाठी म्हणून शिबिर विकायचं आणि ही दोन मिनिटं द्यायची नाहीत, याला मी एक तारासुद्धा देणार नाही.

त्याच रात्री मैत्रीभावनेचं ध्यान. स्वतःचं भलं चिंतायचं, जवळच्याचं चिंतायचं, अनोळख्याचं चिंतायचं आणि मग ज्याने दुखावलं त्याचं. आमच्यातल्या प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर कोण आलं असेल ते सांगायला नको. दोन क्षण शांतता होती. मग महिला पोलीस म्हणाली, "त्याला जामीन मिळाला तेव्हाच पोचल्या शुभेच्छा." सगळा हॉल हसला. खरं सांगते, त्या दिवसातला सगळ्यात उपयोगी क्षण तोच.

दुसऱ्या दिवशी मात्र शिबिर बदललं, कारण शिकवणारी बदलली. पंचावन्न-साठीची बाई, कुडाळकडची, आयुष्यभर मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होती. आम्ही तिला सिस्टरच म्हणू लागलो. तिने आधी चटया उचलायला लावल्या आणि सगळ्यांना बाहेर सोप्यावर बसवलं, पाऊस समोर. "डोळे उघडेच ठेवा. आपल्या कामात डोळे मिटून चालता काय?" मालवणी हेल तसाच.

तिने जे शिकवलं ते इतकं थोडं होतं की माहितीपत्रकात छापण्यासारखं काही नाही. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकवा. टाच जाणवते का, अंगठा जाणवतो का ते बघा. श्वास घ्या तितका घ्या, पण सोडताना थोडा लांबवा. मनातल्या मनात घेताना तीनपर्यंत आणि सोडताना पाचपर्यंत मोजा. श्वास लांब सोडला की हृदयाची गती थोडी उतरते, शरीराची ब्रेक लावणारी यंत्रणा कामाला लागते, यात गूढ काही नाही. मग समोर दिसणाऱ्या काही वस्तूंची नावं मनात घ्या. खांब. नारळ. लाल बादली. संपलं. शेजारच्याला कळतही नाही तुम्ही काही करताय म्हणून. नंतर तिने आम्हाला तेच बोलता बोलता करायला लावलं: एक जण काहीतरी सांगतेय, दुसरी ऐकतेय, आणि ऐकणारीने ऐकणं न सोडता तळपाय जाणवून घ्यायचे. हे सुरुवातीला जमत नाही. एकतर पाय सुटतात नाहीतर समोरचीचं वाक्य. सिस्टर प्रत्येकीसमोर येऊन खाली पायांकडे बघायची आणि टाच उचललेली असली की बोट दाखवायची. माझी डावी टाच सारखी उचललेली. पळायच्या तयारीत असल्यासारखी.

हे बाकावर चालतं. परवा एका तारखेला करून बघितलं. मूल माझ्या बाहीशी खेळत होतं, समोरून आरोपीचे नातेवाईक येरझाऱ्या घालत होते, आणि माझे पाय मला सापडत होते. थकवा गेला असं काही म्हणणार नाही. पण संध्याकाळी घरी पोचल्यावर सासूबाईंवर ओरडले नाही, हेही काही कमी नाही.

दुपारी तिने फळा घेतला आणि बर्नआउट आणि दुसऱ्याच्या ट्रॉमाची लागण या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. आम्ही सगळ्या दोन्हींना एकच समजत होतो. बर्नआउट हळूहळू येतो, कामाच्या ढिगातून: थकवा, मग केसमधल्या माणसाकडे फाइल म्हणून बघणं, मग 'माझ्याने काही होत नाही' ही भावना. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लाख यांनी १९८१ च्या प्रश्नावलीत मोजले ते हेच तीन भाग. दुसरी गोष्ट मात्र एका केसमधूनही येऊ शकते. ऐकलेलं दृश्य डोळ्यांपुढे येत राहतं, झोप उडते, स्वतःच्या मुलीला शेजारीसुद्धा पाठवावंसं वाटत नाही. आणि हे मनाचे खेळ नव्हेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराच्या, कारणांमध्ये कामाचा भाग म्हणून असे तपशील पुन्हा पुन्हा ऐकावे लागणं याचाही समावेश आहे, आणि उदाहरण म्हणून दिलेत ते बाल अत्याचाराचे तपशील हाताळणारे पोलीस. आमची महिला पोलीस हे ऐकून बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग वही काढून तिने ते लिहून घेतलं.

बर्नआउट हा शब्द आता आयटीवाल्यांनी पळवलाय, पण १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी त्यावर लिहिलं ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहून. म्हणजे आमच्याच बिरादरीला. हे मात्र मला आधी माहीत होतं. सिस्टरला नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाली, "मग पन्नास वर्षां झाली, पगार तेवढोच रवलो."

संध्याकाळी गोलात बसून बोललो, तो गोल माझ्या मते सगळ्या शिबिराचा गाभा, आणि तो वेळापत्रकात 'मुक्त वेळ' म्हणून लिहिलेला होता! सिस्टरने नियम घालून दिला: केसमध्ये काय झालं ते सांगायचं नाही, तुमचं काय झालं तेवढं सांगा. तपशील सांगितल्याशिवाय राहवत नसेल तर आधी समोरचीला विचारा, 'आता ऐकायची ताकद आहे का?' आणि ती नको म्हणाली तर रागवायचं नाही.

आमच्या ऑफिसात काय होतं ते सांगते. मुलाचं स्टेटमेंट, म्हणजे जबाब, आटोपून एखादी परत येते, बॅग टेबलावर टाकते आणि चहा यायच्या आत सगळं ओतते. कुणी, कुठे, कशाने. ऐकणारी बिचारी दुसऱ्याच केसचा रिपोर्ट टाइप करत असते. ओतणारीचं ओझं उतरत नाही, आणि ऐकणारीवर नवीन चढतं. वर्षानुवर्षं आम्ही याला एकमेकींचा आधार समजत आलो. त्या गोलात पहिल्यांदा मी अख्खा तास अशा बायकांबरोबर बसले ज्यांनी एकही तपशील सांगितला नाही, आणि तरी प्रत्येकीचं मला सगळं कळलं. शाळेतली समुपदेशक म्हणाली की वर्गात पुरुष शिक्षक मुलीच्या पाठीवर शाबासकी देतो तेव्हा तिचं अंग आखडतं, आणि त्या शिक्षकाने आजवर काहीही केलेलं नाही. सावंतवाडीकडची म्हणाली की तिला आता हसू उशिरा येतं. विनोद कळतो, पण चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

या एका तासाचे मी चार हजार धरलेत.

आता कागदांचं प्रकरण. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रोक्वॉल नावाची प्रश्नावली भरून घेतली. तीस प्रश्न, गेल्या तीस दिवसांतलं आठवून एक ते पाच गुण द्यायचे, आणि त्यातून तीन आकडे निघतात: कामातून मिळणारं समाधान, बर्नआउट आणि दुसऱ्याच्या ट्रॉमाचा ताण. साधन चांगलं आहे, फुकट मिळतं, कुणीही घरी भरू शकतं. ते निदान नव्हे, आरसा आहे. पण भरून झाल्यावर केंद्राच्या मुलीने कागद गोळा करायला सुरुवात केली. वर नावं लिहिलेली! आमच्यातल्या निम्म्यांचे पैसे संस्थांनी भरले होते. 'बर्नआउट जास्त' असा आकडा संचालकांच्या टेबलावर गेला तर पुढचं कंत्राट कुणाला मिळेल? महिला पोलिसाने कागद घडी करून खिशात घातला आणि मुलीकडे बघून गोड हसली. मग आम्ही सगळ्यांनी तेच केलं. 'अहवालासाठी लागतात' असं ती मुलगी म्हणाली. कुणाच्या अहवालासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

जेवण शिवराक, म्हणजे शाकाहारी. पहिल्या दिवशी किनोआचं सॅलड आणि वाडग्यात काहीतरी जांभळं. पाऊस पडतोय, थंडी वाजतेय आणि पुढ्यात बर्फासारखं जांभळं. दुसऱ्या रात्री वीज गेली, मिक्सर बंद पडला आणि स्वयंपाकघरातल्या गावच्या बाईने आपल्या अकलेने उकड्या तांदळाची पेज, तायकिळ्याची भाजी आणि फागलांचे काप केले. केंद्राच्या मालकांनी दिलगिरी व्यक्त केली. आम्ही दोनदा वाढून घेतलं.

आता मोठी तक्रार. तीन दिवसांत कामाच्या जागेबद्दल एक अवाक्षर कार्यक्रमात नव्हतं. सिस्टर फळ्यावर जे काही बोलली तेवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तीच मुळात नोकरीच्या जागेवरच्या न हाताळलेल्या दीर्घ ताणाशी बांधून. आजार म्हणूनही नाही, नोकरीशी निगडित गोष्ट म्हणून. मग एका बाईकडे किती केसेस असाव्यात, महिन्यातून एकदा बाहेरच्या जाणत्या माणसाबरोबर सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाबद्दल बसून बोलणं, मिळावं की नाही, लागोपाठ दोन स्टेटमेंट एकाच दिवशी लावावीत का, यावर अर्धा दिवस नको? २०२० च्या पोक्सो नियमांत सपोर्ट पर्सनचं मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावं असं लिहिलंय. म्हणजे कायद्याने खालची मर्यादा कुठे आखली ते बघा. त्या मानधनातून स्वतःच्या खिशाने अकरा हजार भरून लांब श्वास सोडायला शिकायचं, हा उफराटा न्याय झाला. ज्यांना शिबिराला पाठवायला हवं ते खरं तर आमचे संचालक. त्यांना तो अंधारातला पाऊण तास द्या.

शिबिरानंतर महिन्यातून एकदा ऑनलाइन भेट मिळेल असं सांगितलं होतं. लिंक आली, सोमवारी सकाळी अकराची. सोमवारी अकराला आम्ही कुठे असतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मी कळवलं, उत्तर आलं: रेकॉर्डिंग पाठवू. आलेलं नाही.

कुणी जावं? पीडितांबरोबर नव्याने काम करू लागलेल्यांनी जावं. त्यांना तो गोलाचा नियम पहिल्या वर्षातच कळला तर पुढची कितीतरी वर्षं वाचतील. ज्यांची झोप उडालीय, दृश्यं पिच्छा सोडत नाहीत, त्यांनी आधी डॉक्टर किंवा थेरपिस्ट गाठावा. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन रात्रीसुद्धा लागतो. आम्ही दुसऱ्यांना रोज हा नंबर लिहून देतो, आपण स्वतः फिरवायला लाजतो. पैशांचाच प्रश्न असेल तर इगतपुरीचं विपश्यना शिबिर विनाशुल्क आहे, पण ते दहा दिवस मौनाचं, आणि मन आधीच सोललेलं असेल तर त्या वाटेला लगेच जाऊ नये असं मी सांगेन. दहा दिवसांची सुट्टी देणारी संस्था सापडली तर मलाही कळवा.

पुढच्या तुकडीसाठी आमच्या ऑफिसने दोघींची नावं दिली आहेत. यावेळी फोनवर न ठरवता मेलवर लिहून घेतलंय: सगळे दिवस सिस्टरच शिकवणार, हॉलचं दार रंधा मारून घेणार, प्रश्नावलीचे कागद ज्याचे त्याने घरी न्यायचे, आणि पैसे संस्था भरणार. जांभळ्या वाडग्याबद्दल लिहायचं राहिलं.